ग्रहणाच्या माथी मारलेली खाच

18 ऑगस्ट 1868. सोलापूरच्या दक्षिणेला, जमखंडीत, लेफ्टनंट जॉन हर्शेल उपकरणं मांडून सूर्याकडे डोळे लावून बसले होते. खग्रास ग्रहणाचा पट्टा तिथून जात होता आणि पावसाळी ढग सारखे आड येत होते. त्याच वेळी या टापूतल्या गरोदर बायका काय करत असतील, हे सांगायला जुनं दप्तर उघडावं लागत नाही. विळी-कात्रीला हात लावायचा नाही, घराबाहेर पडायचं नाही. चिरलं-कापलं तर पोर व्यंग घेऊन येतं, अशी पक्की समजूत.

काही मुलांच्या डोळ्यातली जन्मजात खाच मात्र खरीच असते. बाहुली गोल नसते. खाली, किंचित नाकाच्या बाजूला ओघळून तिचा आकार कुलपाच्या भोकासारखा होतो. गर्भाच्या डोळ्याला खालच्या अंगाला एक फट असते आणि ती साधारण पाचव्या ते सातव्या आठवड्यात सांधली जाते. सांधायची राहिली, की कोलोबोमा. कधी ही उणीव बाहेर बुबुळात दिसते, तर कधी आत दृष्टिपटलात किंवा डोळ्याच्या नसेच्या मुळाशी दडलेली असते. म्हणजे डोहाळजेवणाच्या सुमारास आलेल्या ग्रहणाला बोल लावण्यात काही अर्थच नाही. घडायचं ते पाळी चुकल्याची नीट खात्री होईतो घडून गेलेलं असतं. तरी बोल आईलाच.

आतली खाच दिसायची सोय हेल्महोल्ट्झच्या ऑफ्थॅल्मोस्कोपने 1851 मध्ये केली. जमखंडीच्या ग्रहणानंतर वर्षभराने, 1869 मध्ये, जर्मनीत थिओडोर लेबर यांनी जन्मापासून दृष्टिपटलच काम करत नाही अशा मुलांचं वर्णन केलं. हा आजार बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच होतो. इथे एक वेगळीच रीत चर्चेत येते, नात्यातल्या लग्नाची.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी 1953 च्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिणेच्या नात्यांमधला दुवा म्हणून दाखवला. मराठी घरांत मामाची मुलगी चालते. कन्नड-तेलुगू घरांत मामा-भाचीचं लग्नही. सोलापुरात गिरण्या आणि हातमागांमुळे मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषांची माणसं एकाच पेठेत नांदली. आते-मामे भावंडांचा आठवा हिस्सा वारसा सामाईक असतो, मामा-भाचीचा चौथा. छुपं जनुक जोडीने पुढे यायची शक्यता त्यामुळे वाढते, इतकंच. नात्यातलं प्रत्येक लग्न बाधतं असं नव्हे आणि कोलोबोमाच्या पुष्कळ मुलांच्या घरात नात्यातलं लग्न सापडतही नाही. ग्रहणाऐवजी आता मामाला फाशी द्यायची घाई नको.

ही व्यंगं आज ठळक दिसतात याचं कारण निराळं आहे. देवी आणि जीवनसत्त्व अ ची कमतरता यांनी पूर्वी कितीतरी मुलांच्या डोळ्यांत फूल पाडलं. त्या गर्दीत जन्मजात दोष झाकून जात. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण 1975 चा. 2002 ते 2005 दरम्यान परीक्षित गोगटे, मदन देशपांडे आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या विशेष शाळांमधली मुलं तपासली. दृष्टी गेलेल्या वा अगदीच अधू असलेल्या 1778 मुलांपैकी 735 जणांत कारण डोळ्याची जन्मजात विकृती हे होतं. पारपटलाच्या विकारांची मुलं 395.

दृष्टिपटलातल्या कोलोबोमाच्या खाचेला टाका घालता येत नाही. पण तिच्या कडेने दृष्टिपटल सुटू शकतं, म्हणून अशा मुलाचा डोळा औषधाने बाहुली मोठी करून वरचेवर तपासावा लागतो. धाकट्या भावंडांचेही डोळे त्याच वेळी पाहून घेतलेले बरे.