बुळकांडीचा इतिहास आणि आपल्या गावचा नकाशा

घरातल्या जुन्या माणसांपुढे बुळकांडीचे नाव काढून पाहा. सडकून ताप, तोंडात फोड, मग पातळ हगवण आणि थोड्याच दिवसांत गोठा रिकामा. २०११ साली हा रोग जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. तो कसा गेला, हे आपल्या कामाचे आहे.

रोग रानातून गावात येतो, असे आपण धरून चालतो. बुळकांडीत बहुधा उलटेच घडले. १८८७ च्या सुमारास ती गुरांबरोबर आफ्रिकेत शिरली आणि १८९६ साली दक्षिण आफ्रिकेत पोचली. गुरांमागोमाग रानरेडेही मेले. पुढे टांझानियात सेरेंगेटीच्या जंगलाभोवतालच्या गुरांना लस टोचली. १९६३ नंतर जंगलातल्या वाइल्डबीस्ट या खुरी प्राण्यांतही रोग दिसेना. जंगलात एकालाही सुई टोचली नव्हती! मग त्यांचे कळप कितीतरी पटींनी वाढले.

आपल्या देशातही १९६८ साली बंदीपूर-मुदुमलाईच्या जंगलात बुळकांडीने कित्येक गवे मेले. १९५४ पासून गुरांना लस टोचण्याची देशव्यापी मोहीम चालली, आणि १९९५ नंतर भारतात रोग आढळला नाही.

आफ्रिकेत शेवटी रोग कुठे दडलाय ते शोधायला डॉक्टर थेट गुराख्यांकडे गेले. गुरे कुठे चरतात, कुठे पाणी पितात, कधी आजारली, हे त्यांनाच ठाऊक. त्यावरून नकाशे काढले आणि तिथेच लस नेली.

बुळकांडी गेली, पण लाळ्या खुरकूत आहेच. तो गवा, सांबर, रानडुकरालाही होतो. तेव्हा रानालगतच्या गावांनी एवढे करावे :

१. कागदावर गावचा नकाशा काढा. गुरे आणि रानातली जनावरे जिथे एकत्र येतात ते पाणवठे, कुरणे व वाटा यांवर खूण करा, महिनाही लिहा.
२. खुणेजवळच्या गोठ्यांत लस आधी, मग साऱ्या गावात. दर सहा महिन्यांनी, एकही जनावर न चुकवता.
३. आजारी जनावर चरायला सोडू नका.
४. रानात मेलेल्या जनावराला हात लावू नका. वनरक्षकाला व जनावरांच्या दवाखान्यात कळवा.

तुमच्या गुराख्याला जे ठाऊक आहे, ते आम्हा अधिकाऱ्यांच्या कागदात नाही. नकाशा काढताना त्याला आधी बोलवा.