चोरटीं शस्त्रें आणि शस्त्रांचा कायदा

इ. स. १९०९ च्या मार्च महिन्यांत विलायतेहून मुंबई बंदरांत उतरलेल्या एका गृहस्थाच्या पेटीस दुहेरी तळ होता, व त्या दोन तळांच्या मध्यें वीस ब्राउनिंग पिस्तुलें आणि त्यांचीं काडतुसें दडविलेलीं होतीं. हा गृहस्थ म्हणजे लंडनच्या इंडिया हाउसमधील आचारी चतुर्भुज अमीन. पेटी रवाना करणारे विनायक दामोदर सावरकर. जकातीच्या अधिकाऱ्यांच्या नजरेंतून ती पेटी सुटली. त्याच वर्षीं २१ डिसेंबरच्या रात्रीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत 'शारदा' नाटकाच्या प्रयोगास आलेले कलेक्टर जॅक्सन अनंत कान्हेरे याच्या गोळ्यांस बळी पडले, आणि तपासाचा धागा त्या पेटीपर्यंत जाऊन भिडला. कान्हेरे, कर्वे व देशपांडे या तिघांस १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशी झाली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हीं सारीं गांवें त्या काळीं ठाणें जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यांत मोडत; मुंबई उपनगर हा निराळा जिल्हा १९२० सालचा. तेव्हां ज्या भागास आपण आज उपनगरें म्हणतों, त्याच्याच तत्कालीन जिल्ह्याच्या ठिकाणीं ही शोकांतिका संपली.

आतां त्या पेटीनें मोडला तो कायदा कोणता? लिटनच्या कारकीर्दींत, देशी वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा ज्या वर्षीं झाला त्याच १८७८ सालीं, शस्त्रांचाहि कायदा झाला. बंदुकीबरोबरच तरवार व भाला यांसहि त्यानें परवान्याची अट लावली; परंतु युरोपियनांस मात्र तींतून मोकळें ठेवलें. रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या शेतकऱ्यानें कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या आणि शिकारीच्या हौसेनें हिंडणाऱ्या साहेबानें खांद्यावर बंदूक टाकून निघावें, असा हा न्याय. कायदा होऊन वर्ष उलटतें न उलटतें तोंच वासुदेव बळवंत फडके यांचें बंड झालें. १८८७ च्या मद्रासच्या काँग्रेसनें या कायद्याविरुद्ध ठराव केला, आणि पुढें कित्येक वर्षें ही तक्रार राष्ट्रीय मागण्यांच्या यादींत राहिली. १९३१ च्या कराची काँग्रेसनें मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यांत नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याचा हक्कहि नमूद केला होता.

या कायद्याची खरी गंमत त्याच्या शिक्षांत आहे. विनापरवाना शस्त्र आणल्यास वा विकल्यास तीन वर्षेंपर्यंत, आणि तेंच गुप्तपणें केल्यास सात वर्षेंपर्यंत कैद, एवढीच त्याची मजल. सावरकरांवरील खटल्यांत शस्त्रें मिळवून वांटल्याचा आरोप होता. पण सरकारनें सारा भार टाकला तो दंडसंहितेंतील राजाविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या व खुनास साहाय्य केल्याच्या कलमांवर, आणि १९१०-११ मध्यें दोन जन्मठेपींची शिक्षा झाली. शस्त्राच्या चोरट्या व्यवहारास स्वतंत्र, भारी गुन्हा मानण्याची इंग्रजांस गरजच भासली नाहीं. त्यांना भीति होती ती मालाची नव्हे, माणसाची. शस्त्र कोणत्या वाटेनें आलें यापेक्षां तें कोणत्या हातांत गेलें हें त्यांना महत्त्वाचें वाटे.

स्वराज्य आल्यावर हाच प्रश्न घटनासमितीपुढें उभा राहिला. डिसेंबर १९४८ मध्यें हरि विष्णु कामत यांनीं शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या स्वातंत्र्यांत समाविष्ट करावा अशी सूचना मांडली. काँग्रेसनें जें इतकीं वर्षें मागितलें तें स्वतःची घटना करतांना कां विसरावें, हा त्यांचा प्रश्न वरवर पाहतां बिनतोड होता. डॉ. आंबेडकरांनीं त्यास जें उत्तर दिलें त्याचा आशय असा : परक्या राज्यानें हा हक्क नाकारला तो शांततेसाठीं नव्हे, तर अंकित प्रजेनें उठाव करूं नये म्हणून, तें कारण आतां उरलें नाहीं, आणि ज्याला त्याला बाजारांत जाऊन हवें तें हत्यार आणतां येऊं लागलें तर राज्यकारभार चालणार कसा? सूचना फेटाळली गेली. मला वाटतें, शस्त्रांच्या कायद्याच्या इतिहासांत याहून महत्त्वाचा दिवस दुसरा नाहीं. नागवणुकीचें साधन म्हणून ज्याचा दोन पिढ्यांनीं तिरस्कार केला, तोच कायदा नागरिकाचें संरक्षण म्हणून पत्करावयाचा होता. आणि तो पत्करावा असें सांगणारा पुरुष बलवानांच्या हातीं मोकळें शस्त्र असल्यावर दुबळ्यांची काय गत होते हें पुरतेंपणीं जाणणारा होता. घटनेनें शस्त्रांचा विषय संघसूचींत घातला, म्हणजे त्यावर कायदा करण्याचा अधिकार संसदेकडे गेला. १८७८ चा कायदा रद्द करणारा नवा कायदा १९५९ सालीं संमत होऊन १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला.

उपनगरांत या कायद्याची कसोटी लागली ती पुढें तीस वर्षांनीं. १६ नोव्हेंबर १९९१ रोजीं अंधेरीच्या लोखंडवाला वसाहतींत भरदिवसां पोलीस आणि माया डोळस याची टोळी यांच्यांत तासन्‌तास गोळीबार झाला, व टोळींतले सात जण ठार झाले. मध्यमवर्गीय कुटुंबांनीं ज्या इमारतींकडे नव्या मुंबापुरीचें सुखस्वप्न म्हणून पाहिलें, त्यांच्या जिन्यांत गोळ्यांचे वण उमटले. जानेवारी १९९३ मध्यें रायगड जिल्ह्यांतील दिघी बंदरांत, आणि फेब्रुवारींत शेखाडीच्या किनाऱ्यावर, शस्त्रें व स्फोटकें उतरलीं. चतुर्भुज अमीनाच्या पेटीस अधिकाऱ्यांची नजर चुकवावी लागली होती. येथें तिची गरजच नव्हती, कारण जकात खात्यांतले आणि पोलिसांतले कांहीं अधिकारीच त्या कटांत सामील ठरून पुढें शिक्षेस पात्र झाले. १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत अडीचशेंहून अधिक माणसें मेलीं. त्या किनाऱ्यावर नव्हे, पण त्याच कारस्थानाच्या साखळींतून आलेली एक ए. के. ५६ बंदूक वांद्र्याच्या पाली हिलवर संजय दत्त या नटाच्या घरीं पोंचली. २१ मार्च २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्याची शिक्षा सहा वर्षांवरून पांचांवर आणली. पांच वर्षें हीच त्या कलमांतली किमान मुदत होती. त्याखालीं येण्यास कायद्यानें जागा ठेवलेली नव्हती. या खटल्यावर घराघरांतून पुष्कळ वाद झाले. मात्र नटानें बंदूक कां ठेवली याचीच चर्चा अधिक, ती किती हातांतून आली याची थोडी.

ही उणीव कायद्यांतहि होती. बाळगणें, बनविणें, विकणें, आयात करणें हे निरनिराळे गुन्हे होते. पण त्या सर्वांस ओंवणाऱ्या व्यापारास नांव नव्हतें. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनें तें मिळालें. देशांत, देशाबाहेर, देशांतून आरपार किंवा देशांतल्या देशांत बेकायदा शस्त्रांची खरेदी, विक्री, पोंचवणी वा हस्तांतर करणें हा 'अवैध व्यापार' ठरला, आणि त्यास किमान दहा वर्षें व कमाल जन्मठेप अशी शिक्षा लागली. त्याच विधेयकांत परवानाधारकाजवळील शस्त्रांची मर्यादा तीनांवरून एकावर आणण्याची मूळ सूचना होती; ती अखेर दोनांवर थांबली. अमेरिकेसारख्या देशांत, जेथें शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून घटनेंत कोरलेला आहे, तेथेंहि शस्त्रांचा चोरटा व्यापार हा स्वतंत्र राष्ट्रीय गुन्हा होण्यास जून २०२२ उजाडावें लागलें. तोंवर दुसऱ्यासाठीं बंदूक विकत घेणाऱ्यास पकडावयाचें तें मुख्यतः विक्रीच्या कागदावर खोटें लिहिल्याबद्दल!

शिक्षा वाढवणें सोपें. वाट शोधणें अवघड. सातपुड्याच्या कुशींत, जळगांव जिल्ह्याच्या सीमेला लागून मध्यप्रदेशांतील बडवानी जिल्ह्याचें उमर्टी गांव आहे. तेथील गांवठी पिस्तुलें महाराष्ट्रांतील शहरांपर्यंत पोंचतात हें पोलिसांच्या अनेक कारवायांतून दिसून आलें आहे. नव्या व्याख्येंत नियमाप्रमाणें क्रमांकाची खूण नसलेलें शस्त्र हलविणें हाहि अवैध व्यापारच धरला आहे. कारखान्यांत तयार झालेलें ब्राउनिंग पिस्तूल निदान आपला कारखाना तरी सांगे. गांवठी भट्टींतून निघालेल्या पिस्तुलाला सांगण्यासारखें कांहींच नसतें, आणि तें ज्याच्या पिशवींत सांपडतें तो बहुधा या साखळींतला शेवटचा व सर्वांत गरीब माणूस असतो.