भाडेनियंत्रण व घरमालकाचे उत्पन्न, पुण्यातील
इमारत भाड्याने देऊन मिळणारे निव्वळ वार्षिक उत्पन्न व त्या इमारतीत गुंतलेले भांडवल यांचे प्रमाण म्हणजे भाड्याच्या मालमत्तेचा उतारा. भाडे गोठले किंवा इमारतीची किंमत भाड्यापेक्षा वेगाने वाढली, तर हा उतारा घटतो. पुण्याच्या जुन्या पेठांतील घरमालकांना या दोन्ही अवस्था एकामागून एक अनुभवाव्या लागल्या. पेठांच्या दक्षिण सीमेवरील स्वारगेट परिसरात त्यांचे परिणाम विशेषत्वाने दिसतात.

शिवाजी रस्ता स्वारगेटच्या जेधे चौकाला मिळतो आणि तेथूनच सातारा रस्ता सुरू होतो. उत्तरेस शुक्रवार व घोरपडे या जुन्या पेठा, तर दक्षिणेस नंतर वाढलेल्या वसाहती आहेत. राज्य परिवहनाच्या बसस्थानकामुळे येथे दुकाने व उपाहारगृहे यांना नित्य मागणी असते. पेठांतील वाड्यांत मात्र अनेक बिऱ्हाडे एका छपराखाली अल्प भाड्यात राहत आली.

युद्धकाळातील घरटंचाईत भाडेकरूंचे संरक्षण करणे आवश्यक होते. त्यासाठी केलेले निर्बंध ‘मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७’ याने पुढे चालविले. १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे जुन्या जागांचे प्रमाण भाडे ठरले व भाडेकरूस काढण्याची कारणे मर्यादित झाली. निर्वासितांची व नोकरदारांची गर्दी वाढत असताना यामुळे असंख्य कुटुंबांना स्थैर्य लाभले. परंतु कौले, लाकूड व मजुरी यांचे दर वाढत गेले, भाडे मात्र जवळजवळ तेच राहिले. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेना, म्हणून दुरुस्ती लांबणीवर पडू लागली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील अनेक वाडे कोसळले.

नव्या भांडवलाने भाड्याच्या इमारतींकडे पाठ फिरविली. मालकी हक्काच्या सदनिका व सहकारी गृहरचना संस्था यांचा मार्ग अनुक्रमे १९६३ व १९६० च्या अधिनियमांनी सुकर केला. कायद्याबाहेर पागडीची प्रथा रुजली. काही मालकांनी परवाना करारांचा आश्रय घेतला, परंतु १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला. त्यामुळे घर भाड्याने देण्यापेक्षा कुलूपबंद ठेवणे अनेकांना सुरक्षित वाटू लागले.

१९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात निर्णय दिला. गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी मुळात वाजवी असल्या, तरी कालांतराने अवाजवी व मनमानी ठरल्या आहेत, असे न्यायालयाने म्हटले. तथापि अधिनियमाची मुदत संपत आल्याने व नवा कायदा विचाराधीन असल्याने त्या रद्द केल्या नाहीत. पुढे ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्यात भाडे दरवर्षी ४ टक्के वाढविण्याची मुभा आहे. ही वाढ चक्रवाढ धरली, तरी भाडे दुप्पट होण्यास सुमारे १८ वर्षे लागतात. पागडीस मान्यता मिळाली, तसेच मुदत संपताच परवानाधारकाकडून जागा परत मिळविण्याची त्वरित पद्धत घालून दिली गेली. बँका आणि १ कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळण्यात आले. परिणामी व्यापारी जागांचे दोन वर्ग पडले : मोठी कंपनी बाजारभावाने भाडे देते, तर जुना छोटा दुकानदार संरक्षित राहतो.

मुंबई बेटावरील जुन्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने उपकर व दुरुस्ती मंडळ यांची व्यवस्था झाली. पुण्यातील वाड्यांना तिचा आधार नव्हता. त्यामुळे मालकाचा लाभ मासिक भाड्यात न राहता पुनर्विकासातील जमिनीच्या मूल्यात एकवटला. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो सुरू झाली आणि परिसराचे महत्त्व आणखी वाढले. जागेची किंमत भाड्यापेक्षा वेगाने वाढते तेव्हा खुल्या बाजारातील नव्या गुंतवणूकदाराचाही उतारा घटतो. भाडेनियंत्रणाने राहत्या भाडेकरूचे रक्षण केले, पण नव्याने घर शोधणाऱ्यासाठी भाड्याची घरे बांधली जाण्यास प्रोत्साहन उरले नाही. त्याची किंमत मालकाइतकीच मोडकळीस आलेल्या वाड्यातील बिऱ्हाडांनीही मोजली.