तळटीप १४ : ‘तेल भरून ठेवा’

१४. भूम येथील संवादात वृद्ध ख्रिस्ती बाईच्या तोंडी आलेल्या ‘तेल भरून ठेवा’ या शब्दांमागे मत्तयाच्या शुभवर्तमानातील (अध्याय २५, वचने १ ते १३) दहा कुमारींचा दाखला आहे. वराला सामोऱ्या निघालेल्या दहा जणींपैकी पाच जणींनी दिव्यांबरोबर तेलाची भांडीही घेतली होती. वराला उशीर झाला, सगळ्यांनाच झोप लागली, आणि मध्यरात्री हाक आल्यावर उरलेल्या पाच जणी तेल विकत आणायला गेल्या असताना दार बंद झाले. वर म्हणजे पुन्हा येणारा ख्रिस्त. तेलाचा अर्थ जिवंत विश्वास किंवा पवित्र आत्मा असा लावतात. ते उसने मिळत नाही, हा दाखल्याचा गाभा होय. प्रॉटेस्टंट शिकवणुकीनुसार तारण, म्हणजे पाप व त्याचा दंड यांतून सुटका, देवाच्या कृपेने आणि ज्याच्या त्याच्या विश्वासाने होते, सत्कृत्ये ही त्या विश्वासाची फळे असतात, आणि म्हणून आईबापांच्या श्रद्धेवर मुलांना विसंबता येत नाही. तेल भरून ठेवण्याची ही सज्जता म्हणजे ख्रिस्त परत येण्याच्या शेवटच्या दिवसाची तारीख काढणे नव्हे, कारण तो दिवस पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही, असे त्याच शुभवर्तमानात (२४:३६) सांगितले आहे. सज्ज राहायचे ते रोजचे काम करत; म्हणूनच बाई हे शब्द बोलतानाही भाकरी थापत राहते, याला फार महत्त्व आहे. पुढे उल्लेखलेली ‘केडगावची जागृती’ म्हणजे पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली उसळलेली पश्चात्ताप व प्रार्थनेची लाट.