ग्रामसभेला कोरम किती लागतो? गावकऱ्यांनी लक्षात ठेवायचे नियम

गावाच्या मतदार यादीत ज्याचं नाव आहे, तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 नुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. प्रघात 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरचा. आपल्याकडे या तारखा अडचणीच्याच. मे महिन्यात लग्नसराई, ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, आणि जानेवारीत गंगाखेड, पालमकडची ऊसतोड मंडळी कारखान्यावर.

सभेची नोटीस सात दिवस आधी लागली पाहिजे, दवंडीही द्यायला हवी. कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यातला कमी आकडा. 600 मतदारांच्या गावात 90 जण पुरतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही! खरी गोम इथंच आहे. मग दहा-बारा जणांत ठराव होतात, घरकुलासारख्या योजनांचे लाभार्थीही तिथंच ठरतात. नंतर पारावर ओरडून काय उपयोग?

नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. ती झाली का, हे आधी विचारा. आपला विषय लेखी अर्ज करून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं द्या, पोच घ्या. सही मात्र सभेतच करा. घरी आलेल्या रजिस्टरवर नको. सरपंचानं पुरेशा कारणाशिवाय दोन सभा टाळल्या तर पद जाऊ शकतं.