धाराशिव जिल्ह्यातील लोकनेतृत्व आणि पक्षव्यवस्था

धाराशिव जिल्ह्यातील लोकनेतृत्व आणि पक्षव्यवस्था या विषयात महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या निवडणूक राजकारणाचा, तेथील प्रभावी नेत्यांचा आणि १९५२ नंतर बदलत गेलेल्या पक्षस्पर्धेचा समावेश होतो. एका पक्षाचे वर्चस्व, त्यास डाव्या विचारांच्या पक्षाचा विरोध, पुढे काँग्रेसमधील फुटी, शिवसेनेचा उदय आणि अखेर शिवसेना व राष्ट्रवादी काँग्रेस या दोन्ही पक्षांचे विभाजन असे टप्पे या जिल्ह्यात दिसतात. पक्षांची नावे व चिन्हे बदलत राहिली तरी स्पर्धेची मांडणी बहुतांशी व्यक्ती आणि घराणी यांच्याभोवतीच राहिली.

पार्श्वभूमी

हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर मूळ जिल्ह्याचा पूर्वेकडील मोठा भाग त्यातून वेगळा झाला. सध्या जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा आणि वाशी हे आठ तालुके आहेत. पाऊस अनिश्चित आणि सिंचन अपुरे असल्याने पाणी, ऊस व सहकारी संस्था यांवरील नियंत्रण हा येथील सत्तेचा पाया राहिला आहे.

काँग्रेस आणि शेतकरी कामगार पक्ष

राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी यांनी १९६४ मध्ये ‘काँग्रेस व्यवस्था’ ही संकल्पना मांडली. एकच पक्ष सतत सत्तेत असतो, खरी स्पर्धा त्याच्या अंतर्गत गटांत चालते आणि विरोधी पक्ष बाहेरून दबाव आणतात, असे तिचे स्वरूप आहे. जपानमध्ये १९५५ ते १९९३ या काळात लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाची सत्ता याच प्रकारात मोडते. तेथे ‘कोएन्काइ’ नावाची उमेदवाराची स्वतःची समर्थक मंडळे पक्षयंत्रणेपेक्षा अधिक प्रभावी असत. धाराशिवमध्ये अशा मंडळांचे काम साखर कारखाना, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि शिक्षणसंस्था यांनी केले, असे म्हणता येते.

मात्र येथील काँग्रेसला आरंभापासून सबळ विरोधक होता. भाई उद्धवराव पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी कामगार पक्षाने जिल्ह्यात मूळ धरले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते अग्रभागी होते. तुळजापुरातून याच पक्षाचे माणिकराव खपले विधानसभेवर निवडून गेले. पुढे पक्षाची शक्ती ओसरली, तरी शेतकऱ्याच्या प्रश्नावर सत्ताधाऱ्यांस जाब विचारण्याची सवय या परंपरेने जिल्ह्यास लावली.

पद्मसिंह पाटील यांचा कालखंड

तेर येथील डॉ. पद्मसिंह पाटील १९७८ ते २००४ या काळातील सलग सात विधानसभा निवडणुकांत उस्मानाबाद मतदारसंघातून विजयी झाले. ते शरद पवार यांचे निकटचे सहकारी होते. पवारांनी काँग्रेसबाहेर पडून समाजवादी काँग्रेस चालवली, १९८६ मध्ये ती पुन्हा काँग्रेसमध्ये विलीन केली आणि १९९९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन केली. या वळणांवर पाटील त्यांच्यासोबत राहिले आणि मतदारसंघाने पाटील यांना सोडले नाही. त्यांनी राज्य मंत्रिमंडळात महत्त्वाची खाती सांभाळली. ढोकी येथील तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना हे या राजकारणाचे प्रमुख केंद्र होते. हाच कारखाना पुढे अनेक वर्षे बंद राहिला आणि ऊस उत्पादक व कामगार यांच्या देण्यांचा प्रश्न जिल्ह्याच्या प्रत्येक निवडणुकीत निघत राहिला.

या वर्चस्वास पहिला गंभीर धक्का घरातूनच बसला. चुलत बंधू पवनराजे निंबाळकर यांनी २००४ मध्ये पाटील यांच्याविरुद्ध अपक्ष निवडणूक लढवली आणि अत्यल्प मतांनी ते पराभूत झाले. ३ जून २००६ रोजी कळंबोलीजवळ पवनराजे यांची हत्या झाली. या प्रकरणात केंद्रीय अन्वेषण विभागाने जून २००९ मध्ये पाटील यांना अटक केली. त्यांनी आरोप नाकारले व नंतर त्यांना जामीन मिळाला. जिल्ह्याच्या राजकारणातील पुढील पिढीचा संघर्ष या घटनेपासून वेगळा करता येत नाही.

शिवसेनेचा उदय

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिवसेना मराठवाड्यात पसरली. १९९५ मध्ये उमरग्यातून रवींद्र गायकवाड, कळंबमधून कल्पना नरहिरे आणि परांड्यातून ज्ञानेश्वर पाटील विधानसभेवर निवडून आले. कारखानदारीच्या वर्तुळाबाहेरील कार्यकर्त्यांना उमेदवारी देणे हे पक्षाच्या यशाचे एक कारण होते. तुळजापुरात मात्र मधुकरराव चव्हाण यांनी १९९९ ते २०१४ अशा सलग चार निवडणुका काँग्रेससाठी जिंकल्या.

लोकसभा मतदारसंघ त्या काळी अनुसूचित जातींसाठी राखीव होता. काँग्रेसचे अरविंद कांबळे, शिवसेनेचे शिवाजी कांबळे आणि २००४ मध्ये कल्पना नरहिरे यांनी त्याचे प्रतिनिधित्व केले. जिल्ह्यातील प्रबळ मराठा नेत्यांना लोकसभा खुली नसल्याने त्यांची स्पर्धा विधानसभा व सहकारी संस्थांपुरती राहिली. २००८ च्या पुनर्रचनेत लोकसभा मतदारसंघ खुला झाला, उमरगा राखीव झाला आणि कळंब हा विधानसभा मतदारसंघ संपुष्टात आला. याकडे सहसा फारसे लक्ष दिले जात नाही. परंतु घराण्यांचे वैर दिल्लीच्या निवडणुकीत पोहोचले ते या बदलामुळे.

दोन घराण्यांची लढत

२००९ मध्ये पद्मसिंह पाटील यांनी रवींद्र गायकवाड यांचा ६,७८७ मतांनी पराभव करून लोकसभा जिंकली. त्याच वर्षी विधानसभेत पवनराजे यांचे पुत्र ओमप्रकाश उर्फ ओमराजे निंबाळकर यांनी शिवसेनेकडून पाटील यांचे पुत्र राणाजगजितसिंह यांना हरवले. २०१४ मध्ये दोन्ही निकाल उलटले. लोकसभेत गायकवाड २,३४,३२५ मतांनी विजयी झाले, तर विधानसभेत राणाजगजितसिंह यांनी ओमराजे यांना पराभूत केले. मार्च २०१७ मध्ये एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला मारहाण केल्याच्या प्रकरणाने गायकवाड देशभर चर्चेत आले. २०१९ मध्ये पक्षाने त्यांच्याऐवजी ओमराजे यांना उमेदवारी दिली आणि त्यांनी राणाजगजितसिंह यांचा १,२७,५६६ मतांनी पराभव केला.

काही महिन्यांतच पाटील पितापुत्र भारतीय जनता पक्षात गेले. राणाजगजितसिंह यांनी तुळजापूरला येऊन मधुकरराव चव्हाण यांना हरवले. ज्या घराण्याविरुद्ध शिवसेना-भाजप युती वर्षानुवर्षे लढली, तेच युतीचा भाग झाले. काँग्रेसचा जिल्ह्यातील बालेकिल्लाही याच निवडणुकीत गेला.

२०२२ नंतर

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा जिल्ह्यात तिचे तीन आमदार होते. परांड्याचे तानाजी सावंत आणि उमरग्याचे ज्ञानराज चौगुले एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. उस्मानाबादचे कैलास पाटील यांनी सुरतकडे निघालेल्या गाडीतून वाटेत उतरून मुंबई गाठल्याचे स्वतः सांगितले. खासदार ओमराजेही उद्धव ठाकरे यांच्याकडे राहिले. उस्मानाबाद शहराच्या नामांतराचा निर्णय याच धामधुमीत, ठाकरे मंत्रिमंडळाच्या २९ जून २०२२ च्या अखेरच्या बैठकीत झाला. पुढील सरकारने तो नव्याने घेतला आणि केंद्राची संमती फेब्रुवारी २०२३ मध्ये आली. त्यामुळे श्रेयाचे दोन दावेदार निर्माण झाले.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महायुतीत ही जागा अजित पवार यांच्या राष्ट्रवादी काँग्रेसला सुटली. उमेदवारीसाठी राणाजगजितसिंह यांच्या पत्नी अर्चना पाटील यांनी त्या पक्षात प्रवेश केला. पती मात्र भाजपचे आमदार राहिले. मतदारसंघातील सहापैकी पाच आमदार महायुतीच्या बाजूस असतानाही ओमराजे ३,२९,८४६ मतांनी विजयी झाले. सामान्य माणसाचा फोन स्वतः उचलणारा खासदार ही त्यांची प्रतिमा प्रचारात ठळक होती. तथापि एवढ्या मताधिक्याचे श्रेय केवळ प्रतिमेस देणे योग्य ठरणार नाही. मराठा आरक्षण आंदोलन, सोयाबीनचे पडलेले भाव आणि पक्षफुटीविषयीची नाराजी यांचाही परिणाम मराठवाडाभर दिसला होता.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने राज्यात २८८ पैकी २३० जागा जिंकल्या. जिल्ह्यातील चार जागा मात्र समसमान विभागल्या गेल्या. तुळजापुरात राणाजगजितसिंह पाटील पुन्हा विजयी झाले. परांड्यात सावंत यांना राहुल मोटे यांच्याविरुद्ध जेमतेम दीड हजारांची आघाडी मिळाली. धाराशिवमध्ये कैलास पाटील यांनी जागा राखली आणि उमरग्यात तीन वेळा आमदार राहिलेले चौगुले ठाकरे गटाच्या प्रवीण स्वामी यांच्याकडून चार हजारांपेक्षा कमी मतांनी पराभूत झाले. ठाकरे गटाच्या राज्यातील एकूण २० आमदारांपैकी दोन या जिल्ह्यातून निवडून आले.