गोरेपणाचा बाजार आणि बायोडाटातला 'वर्ण'

सावळी कातडी हा रोग नाही. कातडीतले मेलॅनिन उन्हापासून शरीर वाचवते. आपल्या मुलखात तर ते हवेच. तरी १९७५ साली हिंदुस्थान लिव्हरने 'फेअर अँड लव्हली' क्रीम बाजारात आणले आणि घरोघरच्या सावळ्या मुली दुरुस्तीच्या यादीत गेल्या. एका जाहिरातीत मुलगा नाही म्हणून बाप हळहळतो, मुलगी क्रीम लावून गोरी होते आणि हवाई सुंदरी बनते. (तिच्या शिक्षणाचे कोणी विचारतच नाही!) अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रार केली, २००३ मध्ये ती जाहिरात बंद झाली. क्रीम खपतच राहिले. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडची हत्या झाली, जगभर आंदोलन पेटले, तेव्हा कुठे नावातले 'फेअर' जाऊन 'ग्लो' आले.

पण आम्ही विचारतो, कंपनीला हे गिऱ्हाईक आयते कोणी दिले? गोरा तो उच्च आणि काळा तो नीच, ही शिकवण क्रीमच्या कितीतरी आधीची आहे. गोऱ्या आर्यांनी काळ्या दासांना जिंकले, हा सिद्धांत बाबासाहेबांनी १९४६ सालीच 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात खोडून काढला. आजही लग्नाच्या बायोडाटात, अगदी आमच्या वधू-वर मेळाव्यांतसुद्धा, रकाना असतो: 'वर्ण – गोरा'.